ब्राची साईज कशी मोजायची: आकडा कशाचा, अक्षर कशाचं आणि दुकानात काय मागायचं

दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो, "ताई, साईज?" आणि आपल्याकडे कितीतरी बाया पटकन ब्लाऊजचा आकडा सांगून मोकळ्या होतात. ब्लाऊज ३८ चा शिवते ना मी, मग ३८ चीच द्या. जळगावचं फुले मार्केट असो, धुळ्याचा आग्रा रोड असो नाहीतर चोपडा-अमळनेरचं छोटं दुकान, काउंटरवर बहुतेक पुरुष उभा असतो, आजूबाजूला गिऱ्हाईक असतं, ट्रायल घ्यायची सोय नसते, मग कोण कशाला जास्त बोलत बसेल, पाकीट पेपरात गुंडाळून पिशवीत टाकलं की सुटलो असं होतं. आणि मग ती ब्रा वर्षभर टोचते, वर चढते, खांद्यावर वळ उठवते आणि आपण समजतो की ब्रा म्हटलं की असंच असायचं. असं अजिबात नसतं. मापाची ब्रा घातलीय हे दुपारपर्यंत आठवत पण नाही.

तर आधी मूळ गोष्ट समजून घ्या. ब्लाऊजचा आकडा टेलर छातीच्या सगळ्यात भरलेल्या भागावरून घेतो आणि त्यात थोडी ढिलाई पण धरतो. ब्राच्या आकड्याचा संबंध छातीच्या खालच्या घेराशी असतो, म्हणजे जिथं ब्राचा खालचा पट्टा बसतो तिथल्या बरगड्यांच्या घेराशी. त्यामुळं ब्लाऊजचा आकडा सांगून ब्रा घेतली की बऱ्याचदा पट्टा ढिला येतो. आणि आधार तर सगळा त्या पट्ट्याचाच असतो, खांद्याच्या पट्ट्यांचा नाही. खांद्याच्या पट्ट्यांनी फक्त कप जागेवर धरायचा असतो. खालचा पट्टा ढिला असला की सगळं वजन खांद्यावर येतं, मग आपण खांद्याचे पट्टे अजून आवळतो, मग मागचा पट्टा अजून वर चढतो, आणि संध्याकाळी मान धरते ती वेगळी.

३४बी, ३६सी असं जे लिहिलेलं असतं त्यात आकडा म्हणजे पट्टा आणि अक्षर म्हणजे कप. इथपर्यंत बऱ्याच जणींना माहिती असतं. पण कप म्हणजे काय? कप म्हणजे दोन मापांतला फरक. छातीच्या भरलेल्या भागाचा घेर वजा पट्टा. इंचाच्या हिशोबात एक इंच फरक असला तर ए, दोन इंच बी, तीन इंच सी, चार इंच डी. म्हणजे डी कप हे ऐकून "अगं बाई, एवढं मोठं!" असं जे तोंडातून निघतं ना त्याला काही अर्थ नाही, कारण नुसत्या डी वरून काहीच कळत नाही. ३२डी आणि ३८डी यांच्या कपात भरपूर फरक असतो, पट्टा वाढला की त्याच अक्षराचा कप पण मोठा होतो. बारीक अंगाच्या मुलीला डी कप लागू शकतो आणि अंगानं भरलेल्या बाईला बी पुरू शकतो. कॉलेजच्या मुली तर डी म्हटलं की लाजून बी घेतात आणि काखेजवळ सगळं बाहेर येत राहतं, हे खरंच बंद व्हायला पाहिजे.

हे अक्षरांचं प्रकरण तसं जुनं नाही. अमेरिकेत मेरी फेल्प्स जेकब या बाईंना १९१४ साली त्यांच्या ब्राचं पेटंट मिळालं, पण तेव्हा कपाचं माप हा प्रकारच नव्हता. १९३२ मध्ये एस. एच. कॅम्प नावाच्या अमेरिकन कंपनीनं ए ते डी अशी अक्षरं लावली आणि १९३७ च्या आसपास वॉर्नर कंपनीनं आपल्या मालावर कपाची साईज द्यायला सुरुवात केली. पुढं प्रत्येक देशानं आपापली पद्धत काढली, आणि त्या सगळ्या पद्धतींचा माल आज एकाच मोबाईलवर आपल्यासमोर येतो, म्हणून गोंधळ.

आता माप घेऊ. टेलरकडे असते ती कापडी टेप घ्या, तिच्या एका बाजूला इंच असतात आणि एका बाजूला सेंटीमीटर. टेप नसली तरी अडत नाही, परकराची नवी नाडी घ्या, जी ताणली जात नाही अशी, ती गुंडाळून जिथं टोक जुळतं तिथं पेनानं खूण करा आणि मुलांच्या पट्टीवर मोजा. पॅडवाली ब्रा काढून ठेवा, नुसत्या अंगावर माप घेतलेलं सगळ्यात चांगलं, नाहीतर पातळ साधी ब्रा चालते. आरशासमोर उभं राहा, कारण टेप पाठीमागं घसरून खाली जाते नाहीतर वर जाते आणि आपल्याला कळत नाही, ती सगळीकडून जमिनीला समांतर पाहिजे. पाळी यायच्या आधीचे चार-पाच दिवस शक्यतो टाळा, बऱ्याच जणींची छाती तेव्हा थोडी सुजलेली असते आणि माप वाढीव येतं.

पहिलं माप छातीखालचं. टेप बरोबर स्तनांच्या खाली, बरगडीवर, श्वास सोडून द्या आणि टेप अंगाला नीट लागेल एवढी ओढा. लोंबकळायला नको आणि रुतायला पण नको. हा आकडा लिहून ठेवा, सेंटीमीटरमध्ये पण आणि इंचात पण. ओल्या हातानं नको, घाम पुसून मग, आपल्याकडे मे महिन्यात अंगाला टेप चिकटते आणि उगाच एक-दोन सेंटीमीटर इकडंतिकडं होतं.

दुसरं माप छातीचं, सगळ्यात भरलेल्या भागावरून, बहुतेक निप्पलच्या रेषेत. इथं टेप ओढायची नाही, नुसती टेकवायची. एकदा सरळ उभं राहून घ्या. मग कंबरेतून पुढं वाका, पाठ टेबलासारखी आडवी होईल एवढं, आणि परत घ्या. वाकून का, तर मूल झाल्यावर, वजन कमी-जास्त झाल्यावर, नाहीतर वयानं छाती मऊ होते आणि उभं राहिलं की खाली झुकते, टेपेच्या रेषेत सगळी येतच नाही. वाकलं की येते. दोन्ही आकड्यांची सरासरी धरा. ज्यांची छाती घट्ट आहे, म्हणजे तरुण मुली वगैरे, त्यांच्या दोन मापांत फार फरक पडणार नाही, मग उभ्याचंच धरलं तरी चालेल.

झालं. हीच दोन मापं तुमची. साईज नाही, मापं. माझं म्हणणं ऐका, "मी ३४बी" हे लक्षात ठेवण्यापेक्षा खालचं इतकं आणि वरचं इतकं हे दोन आकडे मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा, कारण साईज कंपनी ठरवते आणि ती कंपनीगणिक बदलते, माप मात्र तुमच्या अंगाचं आहे.

साईज कशी बदलते ते एका खऱ्या उदाहरणावर बघू. आमच्या एक वहिनी पारोळ्याच्या, वय चाळिशीच्या पुढं, दोन पोरं. ब्लाऊज ३८ चा म्हणून ब्रा पण कायम ३८ ची, नुसता आकडा लिहिलेली बाजारातली कॉटनची. माप घेऊ म्हटलं तर आधी, "जाऊ दे ना व माय, काय करनं शे माप लिसनी?" पण बसवलं आणि घेतलं. खालचं माप ७९ सेंटीमीटर, म्हणजे ३१ इंच. वरचं उभं राहून ९४, वाकून ९८, सरासरी ९६, म्हणजे जवळजवळ ३८ इंच.

आता पद्धत पहिली, जुनी, अजूनही बऱ्याच ठिकाणी चालते ती. छातीखालचं माप इंचात घ्यायचं, सम आकडा असला तर चार मिळवायचे, विषम असला तर पाच. ३१ अधिक ५, पट्टा झाला ३६. वरचं ३८ वजा ३६, फरक दोन इंच, म्हणजे बी. वहिनींची साईज ३६बी.

पद्धत दुसरी, हल्ली ऑनलाईन जास्त सांगतात ती. काही मिळवायचं नाही, जे छातीखालचं माप तोच पट्टा, फक्त जवळच्या सम आकड्यावर न्यायचा. ३१ चे ३२. वरचं ३८ वजा ३२, फरक सहा इंच. इंग्लंडच्या पद्धतीत डी च्या पुढं पाच इंचाला डीडी आणि सहा इंचाला ई म्हणतात. म्हणजे त्याच वहिनी, त्याच दिवशी, ३२ई.

पद्धत तिसरी युरोपची, सेंटीमीटरची. त्यांचं ईएन १३४०२ नावाचं मानक आहे. त्यात पट्टा पाच-पाच सेंटीमीटरनं वाढतो, ६५, ७०, ७५, ८०, ८५ असा, आणि खालचं माप ७८ ते ८२ च्या मध्ये असलं की पट्टा ८०. कप दोन-दोन सेंटीमीटरनं, १२ ते १४ फरक ए, १४ ते १६ बी, १६ ते १८ सी, १८ ते २० डी, २० ते २२ ई. वहिनींचा फरक ९६ वजा ७९, सतरा. म्हणजे ८०सी. आणि युरोपचा ८० म्हणजे आपल्याकडच्या लेबलावरचा ३६, त्यामुळं ३६सी.

एक बाई, तीन उत्तरं. ३६बी, ३२ई, ३६सी. म्हणून मैत्रीण म्हणते मला अमुक ॲपवर वेगळीच साईज दाखवली, ती खोटं बोलत नसते.

मग खरं कोणतं? त्यासाठी अजून एक गोष्ट माहिती पाहिजे, सिस्टर साईज म्हणतात ती. पट्टा एक पायरी वर नेला, म्हणजे ३४ चा ३६ केला, तर अक्षर एक पायरी खाली आणायचं, कपात मावणारी छाती तेवढीच राहते. ३४बी, ३२सी, ३६ए या तिघींचा कप जवळपास सारखा, फक्त पट्टा वेगळा. हा नियम ३२ई ला लावून बघा, ३२ई, ३४डीडी, ३६डी. म्हणजे दुसऱ्या पद्धतीनं ३६ च्या पट्ट्यात वहिनींना डी पाहिजे आणि पहिली पद्धत म्हणते बी. हे का होतं, तर पट्ट्यात चार-पाच इंच मिळवले की दोन-अडीच पायऱ्या वर गेलो, अक्षर पण दोन-अडीचच पायऱ्या खाली यायला पाहिजे होतं, पण वजाबाकीत ते एकदम चार पायऱ्या खाली येतं. म्हणून ज्या कंपनीचं कापड साध्या वजाबाकीच्या, म्हणजे दुसऱ्या पद्धतीच्या हिशोबानं कापलेलं आहे त्या कंपनीची ब्रा चार-पाच मिळवून घेतली की पट्टा ढिला आणि कप लहान, दोन्ही एकदम. पट्ट्यात ढिली आणि कपात दाटलेली अशी जी विचित्र फिटिंग होते ना, ती बऱ्याचदा ह्यामुळं.

आणि जिच्या चार्टमध्ये ते चार इंच आधीच धरलेले आहेत, त्या कंपनीची ३२ई मागवली तर पट्टा श्वास कोंडेल इतका घट्ट येईल. त्यामुळं कोणतीच पद्धत डोळे झाकून वापरायची नाही, आधी कंपनीचा साईज चार्ट उघडायचा आणि ३४ च्या ओळीत "अंडरबस्ट", म्हणजे छातीखालचं माप, किती लिहिलंय ते वाचायचं. तिथं ७३ ते ७७ सेंटीमीटर किंवा २९-३० इंच असं लिहिलं असेल तर त्यांनी चार इंच आत धरलेत, तुम्ही काही मिळवू नका, सरळ तुमचं माप ज्या ओळीत बसतं ती ओळ घ्या. ३४ च्या ओळीत अंडरबस्ट ३३-३४ इंच लिहिलं असेल तर तिथं साधी पद्धत आहे, तिथंही तुमच्या मापाचीच ओळ. म्हणजे दोन्हीकडे काम एकच, तुमची दोन मापं घ्या आणि त्यांच्या चार्टमध्ये शोधा. चार-पाच मिळवायचं गणित फक्त तेव्हा, जेव्हा चार्टच नाही आणि अंदाजानं सुरुवात करायचीय.

वहिनींसाठी आम्ही ३६बी आणि ३६सी दोन्ही आणून घरी घालून बघितल्या, दुकानदाराला आधीच विचारलं होतं की टॅग न काढता एक परत केली तर चालेल ना. बी मध्ये कपाच्या वरच्या कडेवर फुगवटा आला, साडीच्या ब्लाऊजमधून चार भाग दिसतील असा, आणि काखेपाशी मांस दाबलं गेलं. सी मध्ये सगळं आत, मधली पट्टी छातीच्या हाडाला टेकलेली. "आते बरोबर बठनी," म्हणाल्या आणि आरशात मागं वळून पाठ पण बघून घेतली.

लेबलावरची एक मोठी अडचण सेंटीमीटरची आहे, ती नीट वाचा. आपल्या काही भारतीय पाकिटांवर ३४ च्या शेजारी ८५ सेमी छापलेलं असतं. ते म्हणजे ३४ इंचाचं सेंटीमीटर करून गोल केलेलं, बाकी काही नाही. ते तुमच्या छातीखालच्या घेराचं माप नाही. आणि युरोपच्या मालावर तीच ३४ ची साईज ७५ म्हणून येते. फ्रान्स आणि स्पेनच्या मालावर तीच ९० होते, कारण ते युरोपच्या आकड्यात १५ मिळवून लिहितात. ऑस्ट्रेलियाचा माल असला तर १२. इटलीत तर १, २, ३, ४ असेच आकडे असतात. ॲपवर परदेशी माल घेताना आकड्याच्या आधी तो कुठल्या देशाचा आहे हे बघा, नाहीतर ८५ बघून ३४ समजून मागवाल आणि हातात ३८ येईल.

डी च्या पुढची अक्षरं पण देशादेशात वेगळी. पाच इंचाला इंग्लंड-अमेरिकेत डीडी म्हणतात, युरोपात डीडी नाहीच, सरळ ई. सहा इंचाला इंग्लंडमध्ये ई, अमेरिकेत डीडीडी, युरोपात एफ. ज्यांना डी च्या वरची साईज लागते त्यांनी अक्षरापेक्षा "फरक किती इंच" हेच बघावं. आपल्या तालुक्याच्या दुकानांत डी च्या वर फारसं मिळत पण नाही, बी आणि सी मिळाली तरी नशीब, त्यांना जळगाव-नाशिकला जावं लागतं नाहीतर ऑनलाईनच मागवावं लागतं. हे बदलायला पाहिजे, आणि आपण मागितलं तरच दुकानदार ठेवेल. "सी कप आहे का?" हे मोठ्यानं विचारा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

बाजारात जी नुसता आकडा असलेली साधी कॉटनची मिळते, ३२, ३४, ३६, अक्षर नाहीच, ती सर्वसाधारणपणे बी कप धरून शिवलेली असते. ज्यांचा कप बी च्या आसपास आहे त्यांना ती चांगली बसते, स्वस्त पण असते आणि उन्हाळ्यात घाम पण पिते. ज्यांचा कप सी-डी आहे त्या मात्र कप पुरेसा व्हावा म्हणून आकडा वाढवत जातात, ३४ ची ३६, ३६ ची ३८, आणि पट्टा ढिला होत जातो. आकडा वाढवून कप मिळवायचा नाही, अक्षर वाढवायचं. एस, एम, एल लिहिलेल्या ताणणाऱ्या ब्रा येतात त्यात तर पट्टा आणि कप वेगळे नसतातच, घरात घालायला ठीक आहेत, जड छातीला त्यांचा आधार पुरत नाही.

आता घातल्यावर ती बरोबर बसली की नाही हे कसं ओळखायचं. नवीन ब्रा नेहमी सगळ्यात बाहेरच्या, म्हणजे सगळ्यात ढिल्या हुकावर लावून बघायची, आणि तिथंच ती नीट घट्ट बसली पाहिजे. का, तर इलॅस्टिक सहा-आठ महिन्यांत सैल पडतं, तेव्हा आतल्या हुकांवर जायला जागा राहते. नवी असतानाच सगळ्यात आतल्या हुकावर लावावी लागली तर पट्टा मोठा आहे, ती घेऊ नका. हूक लावल्यावर थोडं पुढं वाका, हात कपात घालून काखेकडचा भाग पुढं कपात ओढून घ्या, दोन्ही बाजूंनी, मग सरळ उभ्या राहा. हे केल्याशिवाय कप लहान की मोठा ते कळतच नाही, कितीतरी जणींना ए कप वाटत असतो आणि हे केल्यावर कप भरून वाहतो.

मग पाठीमागं बघा. पट्टा पुढून जेवढ्या उंचीवर आहे तेवढ्याच उंचीवर मागं पाहिजे, मध्ये कमान होऊन वर चढला असेल तर ढिला आहे. पट्ट्याखाली दोन बोटं आरामात सरकली पाहिजेत, मूठ नाही. दोन्ही कपांच्या मधला भाग छातीच्या हाडाला टेकला पाहिजे, तो अधांतरी उभा असेल तर कप लहान आहे. कपाच्या कडेवरून छाती बाहेर डोकावत असेल तरी कप लहान. कपाला वर सुरकुत्या पडत असतील किंवा पोकळी दिसत असेल तर कप मोठा, पण आधी खांद्याचे पट्टे ओढून बघा, कधीकधी तेवढ्यानंच भरतं. वायरवाली असेल तर वायर स्तनाच्या बाहेरच्या कडेनं फिरून काखेखाली जायला पाहिजे, स्तनावर कुठं बसता कामा नये. शेवटी हात वर करा, वाका, दळण उचलल्यासारखं करा. कापूस वेचायला जाणाऱ्या, केळीच्या बागेत काम करणाऱ्या आपल्या बायांना दिवसभर वाकून उठावं लागतं, त्यांच्यासाठी हीच खरी परीक्षा, हात वर केल्यावर पट्टा वर सरकून छाती खालून निसटत असेल तर त्या ब्राचा काही उपयोग नाही.

एक बाजू थोडी मोठी असणं अगदी नॉर्मल आहे, बहुतेक सगळ्याच बायकांचं थोडंफार असतं. मोठ्या बाजूच्या मापानं कप घ्यायचा आणि लहान बाजूचा खांद्याचा पट्टा जरा आवळायचा.

दुकानात घालून बघता येत नसेल तर निदान पट्टा ताणून बघा. टेप सोबत न्या, पाकीट उघडायला सांगा, हुकापासून काजापर्यंत पट्टा टेपेला लावून हलक्या हातानं ओढा. तुमच्या छातीखालच्या मापापर्यंत तो आरामात आला पाहिजे आणि त्याच्यापुढंही थोडा ताण शिल्लक राहिला पाहिजे. ताकद लावून जेमतेम पोचत असेल तर घट्ट होईल, न ओढताच पोचत असेल तर महिनाभरात लोंबेल. पट्टा थोडासाच घट्ट आहे आणि कप एकदम बरोबर आहे असं झालं तर जास्तीचे हूक असलेली छोटी पट्टी मिळते, एक्स्टेंडर म्हणतात, ती लावा. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत बरगड्या रुंदावतात तेव्हा पण हीच पट्टी कामाला येते.

घट्ट पट्ट्याची भीती आपल्याकडे फार आहे. एक तर उन्हाळा, जळगाव-भुसावळला पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा अंगाला काही चिकटलेलं नकोच वाटतं. पण ढिला पट्टा दिवसभर वरखाली घासत राहतो आणि घामानं ओल्या कातडीवर घासून जास्त चट्टे उठतात, मापाचा कॉटनचा पट्टा जागेवर बसतो म्हणून घासत नाही. स्तनाखाली लाल होऊन खाज येत असेल तर जागा कोरडी ठेवा, ब्रा रोज बदला आणि बरं झालं नाही तर डॉक्टरांना दाखवा, घरातली कुठलीही मलमं चोळत बसू नका. दुसरी भीती म्हणजे ब्रा घातल्यानं गाठ होते, कॅन्सर होतो. अमेरिकेत सिएटलच्या फ्रेड हचिन्सन संशोधन केंद्रानं ५५ ते ७४ वयाच्या बायकांवर केलेला अभ्यास २०१४ मध्ये आला, त्यात दिवसाला किती तास घातली, वायरची होती का, कोणत्या वयात घालायला लागली हे सगळं विचारलं होतं, आणि ब्राचा कॅन्सरशी काही संबंध दिसला नाही. गाठ हाताला लागली तर मात्र ब्राला दोष देत घरी थांबू नका, लगेच दाखवा.

माप किती दिवसांनी घ्यायचं? वर्षातून एकदा तरी, आणि वजन पाच-सहा किलोनं बदललं, दिवस गेले, बाळंतपण झालं, दूध तोडलं, पाळी जायला आली, अशा प्रत्येक वेळी नव्यानं. वाढत्या वयाच्या मुलींचं तर तीन-चार महिन्यांनी बघावं लागतं. आईची जुनी ब्रा पिना मारून मुलीला देऊ नका, तिचं स्वतःचं माप घ्या, आणि तिच्यासमोर घाईघाईत, कुजबुजत घेऊ नका, जसं शाळेच्या ड्रेसचं घेतो तसं घ्या. गर्भार असताना चौथ्या-पाचव्या महिन्यातच कप बदलायला लागतो, आणि दूध पाजायच्या ब्रा घ्यायच्या असतील तर आठव्या महिन्याच्या आसपास माप घेऊन दोन-तीनच घ्या, कारण दूध उतरल्यावर कप अजून वाढतो, मग बाकीच्या नंतर घ्या. त्या काळात वायरची आणि घट्ट ब्रा टाळलेली बरी, दाब पडून दुधाच्या गाठी होऊ शकतात. पट्टा मात्र गरोदरपणात पण ढिला नको, आणि असा घ्या की सगळ्यात आतल्या हुकावर बसेल, बाकी सगळ्या वेळी बाहेरच्या हुकावर, फक्त गरोदरपणात उलटं, कारण बरगड्यांचा घेर अजून वाढणार असतो.

आणि जी ब्रा अगदी मनासारखी बसली तिच्या आतल्या टॅगचा फोटो काढून ठेवा, दोन-चार धुण्यांत अक्षरं पुसून जातात. फोटोखाली तुमची दोन मापं आणि तारीख लिहा. पुढच्या वेळी काउंटरवरच्या माणसानं "ताई, साईज?" विचारलं की फोटो दाखवा, आणि दुसऱ्या कंपनीची घ्यायची असेल तर पाकिटाच्या मागचा चार्ट वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.